जनगणनाबाई

आमच्या बाई बदकं मोजायच्या त्या चिंचोक्यांनी. स्वेटरच्या उजव्या खिशात मूठभर चिंचोके घेऊन उभ्या राहायच्या. दुर्बिणीतून दहा पक्षी मोजून झाले की एक चिंचोका डाव्या खिशात. असं तीनदा मोजायचं आणि तिन्हींतला सगळ्यांत लहान आकडा वहीत लिहायचा. "जास्त लिहून बदकं वाढत नाहीत," असं त्यांचं म्हणणं. आम्ही पक्षी बघणारे त्यांना पाठीमागे जनगणनाबाई म्हणायचो. हे त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही असावं.

नारायण पेठेतल्या एका शाळेत त्या गणित शिकवायच्या. शिक्षकांच्या वाट्याला येते तशी जनगणनेची ड्यूटी त्यांच्याही वाट्याला आली होती. "माणसं वय चोरतात, खोल्या लपवतात. बदकं बिचारी समोर बसलेली असतात," असं त्या सांगायच्या. निवृत्त झाल्यावर दर डिसेंबरच्या पहिल्या रविवारी लोणी काळभोरच्या अलीकडे, कवडीच्या बंधाऱ्यावर त्या थंडीतले पाहुणे पक्षी मोजू लागल्या. नदी कसली, सगळ्या शहराचं सांडपाणी. मी हिंजवडीतल्या संगणकापुढून उठून पहिल्यांदा तिथे गेलो आणि नाकाला रुमाल लावला. शेजारी कानटोपी घातलेल्या एक बाई दुर्बिणीतून डोळा न काढता म्हणाल्या, "अहो, आपल्याच घरून आलंय ते. ओळख तरी दाखवा." तेव्हापासून दर वर्षी मी त्यांच्या शेजारी उभा राहू लागलो.

हातभर लांब लेन्सवाल्यांशी त्यांचं कधी जमलं नाही. एकाने चक्रवाकाच्या जोडीचे धडाधड फोटो काढले, तेव्हा त्यांनी विचारलं, "मुहूर्त कितीचा आहे?" गावकऱ्यांनाही सूट नव्हती. म्हशी घेऊन आलेले एक आजोबा मोठ्या आपुलकीने सांगत होते, "बाई, त्या वळणाला लय पक्षी हायेत."

"मोजलेत?"

"न्हाई बा."

"मग 'लय' कुठल्या रकान्यात लिहू?" असं म्हणाल्या खऱ्या, पण चिखल तुडवत त्या वळणापर्यंत गेल्या आणि आजोबांना दुर्बिणीतून शेकाट्यांचे लाल पाय दाखवून आल्या. आजोबा म्हशी विसरून बघत राहिले होते.

गेल्या वर्षीची गोष्ट. मोजणी चालू असताना बाई एकदम म्हणाल्या, "पलीकडच्या काठाला चमचे! झोपलेत. अकरा." चमचा हा पसरट चोचीचा मोठा पांढरा पक्षी, तिथे क्वचितच येतो. मी दुर्बीण लावली. जलपर्णीला अडकलेले फेसाचे गोळे होते ते. बाईंचा चेहरा इतका उजळला होता की माझी जीभच रेटेना.

"चोच दिसते का हो?" त्यांनी विचारलं.

"पंखांत खुपसलीय," मी म्हणालो.

त्यांनी अकरा लिहिले. मग तासभर त्या तिकडेच बघत बसल्या. आनंदात आहेत, असं मला वाटलं.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "अहो, झोपलेले चमचे जागेवर उभे असतात. त्यातले तीन बंधाऱ्यावरून वाहत खाली गेले. फेस होता ना तो?"

"हो, बाई."

"तुम्हाला दिसला होता?"

"हो."

"मला डॉक्टरांनी सांगितलंय, माझी नजर चाललीय. त्याचं मला काही वाटत नाही. म्हणून तर तुम्हाला शेजारी उभं केलं होतं. पुढे ही वही तुम्हाला द्यावी असं मनात होतं. आता नाही देणार. ते अकरा मी लाल शाईने खोडलेत."

फोन बंद झाला. मला इतकी शरम आयुष्यात वाटली नव्हती. मी त्यांचं मन राखायला गेलो आणि इतक्या वर्षांच्या त्यांच्या कामात स्वतःच्या हाताने घाण करून ठेवली होती. नंतर दोनदा घरी जाऊन आलो. चहा मिळाला, गप्पा झाल्या. वहीचा विषय त्यांनी काढला नाही आणि मलाही धीर झाला नाही.

यंदा त्या आल्या नाहीत. मी एकटाच गेलो. थंडी होती, वास होता, पक्षी मात्र फार कमी होते. तीनदा मोजून चक्रवाक गेल्या वर्षीच्या निम्मेसुद्धा भरेनात. फोन लावताना वाटलं, दहा-वीस वाढवून सांगावेत, म्हातारीला बरं वाटेल. तो विचार गिळला आणि एकेक आकडा होता तसा सांगत गेलो. त्या नुसत्या "हं" म्हणत होत्या.

शेवटी त्यांनी विचारलं, "चमचे?"

"एकही नाही, बाई."

मग त्या म्हणाल्या, "वही न्यायला कधी येताय?"