कुलपाचा फोटो

सोनईत माझं ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान आहे. तिथे शिंगणापूरचे एक लेथवाले काका आले. खासगी रॉकेटच्या झडपा बनवायला त्यांना सरकारी अनुदान हवं होतं. अर्जाला माल ठेवायच्या कुलूपबंद खोलीचा फोटो लागत होता आणि त्यांच्या गावात घरांना दारंच नसतात.

“राहू द्या, काका,” मी म्हणालो.

“का? सोनईत खोली भाड्यानं घिऊ की.”

अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी त्यांनी फोटो आणला. कुलपाला चावी तशीच लटकत होती.

“काका, चावी काढून घ्यायची असते.”

“व्हय का?” तेलकट बोटं पुसत ते पुन्हा निघाले. मला हसू आलं नाही. माझा कॉलेजचा फॉर्म भरताना आमच्या घरात तरी कुणाला काय ठाऊक होतं?

मुदतीच्या आत ते नवा फोटो घेऊन आले. अर्ज गेला. मग त्यांनी मूठ उघडली.

“ही आता कुठं ठेवत्यात, भाऊ?”