आधी कचरा काढ

देवरावकाका ताटातला भातसुद्धा आधी चिमटीत धरून पाहायचे. ते आमचे शेजारी, अल्लीपूरजवळच्या कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर. मूठभर कापूस घ्यायचे, काडी, पत्ती वेचून टाकायचे आणि मगच प्रत सांगायचे. "आधी कचरा काढ, मंग बोल," हे त्यांचं बोलणं कापसापुरतं नव्हतं. मला आलेल्या स्थळांनाही त्यांनी तेच लावलं.

नव्वदच्या दशकात मी पुण्यात खगोलशास्त्रात पीएच.डी. करत होतो, निदान गावात तसं सांगत होतो. एका दीर्घिकासमूहातली कोणती दीर्घिका पुढे, कोणती मागे, हे मला मोजायचं होतं. जवळची दीर्घिका फोटोत रवाळ दिसते, लांबची गुळगुळीत. त्या रव्यावरून अंतर काढतात. चार वर्षं घासली आणि माझ्या झाडून सगळ्या दीर्घिका समूह सोडून अलीकडे आल्या! मार्गदर्शकांनी प्रबंध तोंडावर परत केला. सहा महिन्यांत सुधारला नाही तर नाव काढून टाकतो म्हणाले. मी तोंड लपवायला गावी आलो.

तरी ऐट होतीच. काकांना फोटो दाखवून तासभर व्याख्यान झोडलं. त्यांनी चष्मा वर सारला.

"हे मोठे ठिपके कायचे?"

"काही त्या दीर्घिकेतले तारकागुच्छ, काही पार मागच्या दीर्घिका."

"म्हंजे कचरा. तो बी रव्यात मोजून राह्यला काऊन तू?"

मोजला होता. ठिपके वगळा, हे पुस्तकात स्पष्ट छापलं होतं. ते पान मी बहुधा झोपेत वाचलं. कचरा काढला आणि दीर्घिका मुकाट्यानं मागे सरकल्या.

बांधीव प्रबंध घेऊन गेलो तोवर काकांची नजर गेली होती.

"माह्यं नाव टाकलं का रे?"

इंग्रजीतल्या आभारात संगणक विभागसुद्धा होता. ग्रेडरचं नाव पाहून लोक हसतील म्हणून काका नव्हते. इतका मी विद्वान!

"टाकलं ना."

"वाच बरं."

"'देवरावकाकांनी कचरा काढला नसता तर हा प्रबंध झालाच नसता,'" मी वाचलं.

"कुठं हाय? माह्यं बोट ठेव."

मी त्यांचं बोट संगणक विभागावर ठेवलं. ते बोट तिथंच हळूहळू फिरवत वाक्य पुटपुटत राहिले. मग त्या पानाची झेरॉक्स मागून घेतली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मीच ती आणून दिली.

काका गेल्यावर घरच्यांना भेटायला गेलो, तर ते पान काचेत घालून भिंतीवर लावलेलं. त्यांची मुलगी शीला शाळेत इंग्रजी शिकवते.

"कोणीबी आलं का बाबा मले हे वाचाले लावत," ती म्हणाली.

"मग तू काय वाचायचीस?"

"तू वाचलं होतं तेच, दादा."