दुबईत भेटलेला करावेगावचा माणूस

नवं शहर वसवायला सारसोळ्यातली आमची शेतं गेली, तसे गावातले बरेच पुरुष आखातात गेले. बाबा बहरीनला वेल्डर होते. ऐंशीनंतरच्या एका उन्हाळ्यात त्यांनी आम्हाला महिनाभरासाठी बोलावलं आणि आई मला नि धाकट्या भावाला घेऊन निघाली. तोवर ती एकटी वाशीच्या पुढे गेली नव्हती.

दुबईला विमान बदलायचं होतं. पुढचं विमान सकाळी, म्हणून रात्र तिथल्या खुर्च्यांवरच काढायची. भाऊ झोपला. मला भूक लागली म्हणून आईने डबा उघडला. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी. वास पसरला तशी मी लाजून इकडेतिकडे पाहू लागले. समोर बसलेला एक माणूस उठून आला.

"कंच्या गावची गो बाय तुमी?"

"सारसोल्याची."

"मी करावेगावचा," असं म्हणून तो मटकन शेजारी बसला. आपली बोली ऐकून आईचा चेहरा खुलला. तिने विचारलं, "सुट्टीवर चाललाव काय? एकलेच?"

"नाय. भाव हाय बरोबर."

"मंग बोलवा की त्याला. भाकऱ्या हायेत."

त्याने मान हलवली. "तो खाली हाय. पेटीन."

मला कळलं नाही. आईला कळलं. तिच्या हातातली भाकरी तशीच राहिली.

दोघे भाऊ एकाच इमारतीच्या कामावर होते. धाकटा परांचीवरून पडून मेला. पेटीत तोच होता. घरी त्यांच्या आईला एवढंच कळवलं होतं, की तो आजारी आहे आणि थोरला त्याला घेऊन येतोय.

"ती सगल्यांना सांगत फिरते, पोर येतंय म्हनून," तो म्हणाला. "तिला कसा सांगू, बाय?"

आईने डबा बाजूला ठेवला. मग म्हणाली, "पयला तिला खाली बसव. मंग सांग. माझा बाप खाडीन बुडाला, तवा माला उभ्यानंच सांगलं. मी तशीच पायरीवर परले."

आईचा पुढचा दात अर्धा तुटलेला होता. तो कशाने तुटला, हे मला त्या रात्री कळलं.

तिने भाकरी त्याच्या हातात दिली. त्याने एक घास घेतला आणि तोंडावर हात धरून रडू लागला. आई त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली. त्याचं विमान आमच्या आधी होतं. जाताना त्याने माझ्या झोपलेल्या भावाच्या डोक्यावरून हात फिरवला.

बहरीनला बाबा हसत समोर आले. संध्याकाळी आईने त्यांच्यासमोर ताट ठेवलं. मग तिने विचारलं, "तुमी किती उंचावर चढताव?"

"मी खालीच असतो," बाबा म्हणाले. आईने त्यांच्याकडे पाहिलं.

परत आल्यावर आई मला घेऊन करावेगावला गेली. त्या भावांची म्हातारी आई खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. थोरल्याची बायको आम्हाला पाणी द्यायला आली. आईने त्याची चौकशी केली.

"ते गेलं परत," ती म्हणाली. "त्याच कामावर."