वसंताला दिलेला पंखा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी बोईसरच्या कारखान्यातल्या कँटीनची भाजी कशी होती तेही सांगतो. मग तुम्हाला का? तुम्ही वसंताला ओळखत नाही, म्हणून असेल.

वसंता सातपाटीचा. मासेमारीच्या बोटीवर जाणारा, आणि आमच्या विमानवेड्या टोळक्यात सगळ्यांत तरबेज. आमची विमानं छोटी, इंजिनावरची. माणूस मधोमध उभा, त्याच्या हातात हँडल, तिथून विमानापर्यंत दोन बारीक तारा, आणि विमान त्याच्याभोवती गोल फिरतं. रविवारी माकुणसारजवळ खाडीकाठच्या सुकलेल्या खाजणात आम्ही जमायचो. घरचे म्हणायचे, एवढे घोडे झाले तरी खेळणी सुटत नाहीत.

त्या टोळक्यात मला मान होता तो पंख्यांमुळे. कुठल्या इंजिनाला केवढा लाकडी प्रोपेलर, पात्याला पीळ किती, हे सगळे मला विचारायचे. मी जड पातं घासून दोन्ही बाजू सारख्या करायचो, वरून वार्निश द्यायचो. त्यात पात्यावर छापलेले मापाचे आकडे पुसले जायचे. मग पंखा कुठल्या मापाचा, ते फक्त मलाच ठाऊक. कुणी तपासायचं नाही — आणि मला ते आवडायचं. फार आवडायचं.

मुद्दा टाळतोय, कळतंय मला.

माझी मुलगी रेवा तेव्हा कॉलेजात होती. एका रविवारी तिला उडवायला शिकायचं होतं. मी हँडल पुढे केलं, तर म्हणाली, "बाबा, मी वसंतकाकांकडून शिकते. तुम्ही ओरडता." ओरडतोच मी. पण सगळे हसले. वसंताही हसला. त्यात वाईट काय होतं? काहीच नाही. मला मात्र ते आठवडाभर बोचत राहिलं.

पुढच्या रविवारी वसंता नवं विमान आणणार होता. पावसाळ्यात बोटी बंद असताना जीव ओतून बनवलेलं. त्याला डोक्यावरून कसरती करायच्या होत्या. अशा कसरतींना लांब पात्याचा, कमी पिळाचा पंखा लागतो — चढताना ओढ टिकते, तारा ताणलेल्या राहतात. मी दिला तो आखूड, जास्त पिळाचा. असा पंखा खाली झकास पळतो आणि वर चढताना दमतो. हे मला माहीत होतं. चुकून नाही दिला.

त्याने नीट पाहिलासुद्धा नाही. बसवला.

विमान छान सुटलं. टाळ्या पडल्या. मग त्याने ते डोक्यावर घेतलं, तारा सैल पडल्या, आणि विमान सरळ नाकावर आपटलं. अशा वेळी लाकडी पंखा तुटतो आणि इंजिन वाचतं, म्हणून तर आम्ही लाकडीच वापरतो. मी धावलो. कशाकडे? त्या तुकड्यांकडे. गोळा करून खिशात घातले. लोकांना वाटलं, मित्रासाठी धावला.

वसंता स्वतःच्या हाताकडे बघत उभा होता. "माजाच हात चुकला रे," तो म्हणाला. "आता पयल्यासारका ऱ्हायला नाय."

आणि मी काय म्हणालो? "होतं असं कधीकधी."

त्यानंतर त्याने हँडल धरलं नाही. रेवाने विनवलं. मीसुद्धा विनवलं — हो, मीसुद्धा, इतका निर्लज्ज. पुढे बोटीचं सुकाणूही त्याने पुतण्याच्या हाती दिलं. का, ते त्याने सांगितलं नाही. मी विचारलं नाही. विचारायची गरज होती का मला?

रविवारी येतो मात्र अजून. कडेला बसतो, दुसऱ्यांची विमानं धरून देतो. मला हे बघून वाईट वाटतं, फार वाटतं, पण त्या वाटण्याचा त्याला काय उपयोग?

परवा तारापूरच्या कॉलनीतले एक निवृत्त गृहस्थ पहिल्यांदाच आले, नवं विमान घेऊन. वसंताच त्यांना माझ्याकडे घेऊन आला. "पंका याच्याकडनंच घ्या, सायेब," तो म्हणाला. "डोले मिटून बसवा. या मानसानं कदी चुकीचा दिला नाय."

तो माझ्या शेजारीच उभा होता. सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. मी त्या गृहस्थांना विचारलं, इंजिन कुठलं आहे तुमचं?