नवी कातडी

काकूंनी आल्या आल्या घरच्या सगळ्यांसमोर माझ्या धाकट्या बहिणीच्या गालावरून हात फिरवला. “कातडी कशी छान नवी आली गं! आता हा डिंकाचा लाडू खा.”

माझं डोकंच फिरलं. औषधाची रिअ‍ॅक्शन येऊन हिची कातडी सोलून निघाली, तेव्हा आतड्यांचं अस्तरही तसंच सोलवटलं. ते अजून भरलेलं नाही. घोटभर पेज प्यायली तरी ती पोट धरून बसते, रक्त पडतं. पण आपल्याकडे डोळ्यांना दिसेल तेवढंच दुखणं खरं. चेहरा उजळला की माणूस बरा झाला म्हणायचं आणि भरवायला लागायचं!

“माझ्यासाठी एक घास,” काकू म्हणाल्या. त्यांचं मन मोडायला नको म्हणून बहीण तोंड उघडत होती. मी लाडू हिसकावून घेतला.

काकूंच्या मनाला लागलं. ते मात्र खोलीतल्या सगळ्यांना लगेच दिसलं.