हो अप्पा

जुन्या पर्सच्या अस्तरात परवा अक्षतांचे दोन पिवळे दाणे सापडले आणि मैत्रिणीच्या लग्नाची संध्याकाळ आठवली. मी तिची करवली होते. तिला चेन्नईच्या एग्मोर स्टेशनवर सासरी जाणाऱ्या गाडीत बसवून पेरुंगुडीच्या माझ्या फ्लॅटवर आले, साडीच्या पिना काढत होते, तोच पर्समध्ये फोन वाजला. तो तिचा होता. दिवसभर सांभाळायला दिलेला, परत द्यायचा राहूनच गेला होता. स्क्रीनवर 'अप्पा'. म्हणजे तिचे वडील, लग्नाला येणार नाही म्हणून हटून बसलेले. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "हॉलसमोरच्या चहाच्या दुकानात उभा होतो गं. निघताना पाहिलं तुला. छान दिसत होतीस." माझ्या तोंडून "हो अप्पा" एवढंच निघालं आणि त्यांनी फोन ठेवला. मैत्रिणीला मी सगळं सांगितलं. पण ते उत्तर तिचं नव्हतं, हे तिने अप्पांना आजवर कळू दिलेलं नाही.