जनीआत्याच्या डंकाचा पट्टा

पनवेलला उरण नाक्याच्या पुढं एक पत्र्याची शेड हाय, तिथं माझ्या आत्याचा डंक. डंक म्हणजे मसाला कुटायची मशीन. मोटार फिरते, पट्टा फिरतो आणि लोखंडी मुसळं धाडधाड खाली येतात. आत्याचा नवरा तळोज्याच्या कंपनीत होता. तो गेल्यावर जे हातात आलं त्यात तिनं हा डंक टाकला. मी दिपा, तिच्या भावाची मुलगी. शाळा नववीत सोडली, कारण मला एका जागी बसवत नाय. डंकावर बसायला मिळतच नाय, म्हणून तिथं टिकले.

होळी ते पाऊस आमचा सीझन. बायका मिरच्या सुकवून, धने-बडीशेप भाजून आणतात आणि कुटून होईस्तोवर तिथंच ठाण मांडतात, दुसरीचा मसाला आपल्यात येईल म्हणून. सगळ्यात शेवटी आत्या एक चिमूट जिभेवर ठेवते. "धने कमी पडले गो," नायतर "ने आता." तिनं "ने" म्हटल्याशिवाय कोणी डबा उचलत नाय. बाई एकदा दुसऱ्या डंकावर गेली की वर्षभरासाठी गेली, हे आत्याचं बोलणं.

आमच्या धंद्यात अंग जळतंच. मिरचीची धूळ मानेवर, काखेत, पोलक्याच्या आत शिरते. आंघोळीला पाणी घेतलं की नुसती आग. खोबरेल चोपडायचं आणि झोपायचं. म्हणून आत्याची डावी छाती लाल झाली, चुरचुरायला लागली तेव्हा तिनं खोबरेलच लावलं. सीझन संपला, पाऊस पडून गेला, डंक बंद, तरी लावतेच हाय. मिरची नाय तर मिरचीची आग कुठनं येणार, हे घरात कोणाला सुचलंच नाय.

त्र्याण्णवच्या दिवाळीला तिच्या अंगाला उटणं लावताना काखेजवळ माझ्या हाताला गाठ लागली.

"आत्ये, हे काय?"

"पोतं उचलताना लागलं असंल."

"पोतं काखेत लागतं? चल डॉक्टरकडं."

"सणाच्या दिवशी तोंड वाजवू नको, दिपे."

मी वाजवलंच. पनवेलच्या डॉक्टरनं बघितलं आणि मुंबईला पाठवलं. तिथं सुई टोचली, तुकडा काढला, आणि कॅन्सर निघाला. छाती काढायला लागंल म्हणाले. आत्या रडली नाय. तिनं एवढंच विचारलं, "हात चालंल ना माझा?"

डॉक्टर म्हणाले, "आधी तुम्ही चालायला पाहिजे, मावशी."

जानेवारीत ऑपरेशन झालं. मग केमोचे डोस सुरू झाले. सकाळची यष्टी धरायची, लायनीत बसायचं, बाटली लावायची, परत यष्टी. येताना खिडकीशी आत्या आणि तिच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी, कारण कळंबोली येईपर्यंत ओकारी थांबत नाय. मग घरी चार-पाच दिवस नुसतं पडून. डावा हात सुजून केळीच्या कोंबासारखा. केस तर फणीबरोबर पुंजक्यानं आले. ती म्हणाली, "बरं झालं. मसाल्यात केस गेला म्हणून आता कोणी भांडायला नको." मला हसायला पण कंटाळा आला होता. तरी हसले.

होळी झाली आणि तिनं सांगून टाकलं, "आता डोस नाय. सीझन करते. पावसात घेते उरलेले. कॅन्सर काय पळून जातो?"

"तो नाय पळत, तूच जाशील," मी म्हटलं.

"जाऊ दे. दमले मी."

ती दमली होती ते मला दिसत होतं. मी पण दमले होते. पण म्हणून काय तिला सोडू?

डोसच्या आदल्या संध्याकाळी मी डंकाचा पट्टा काढला आणि घरी तांदळाच्या पिंपात पुरला. सकाळी आत्या हट्टानं शेडवर जाऊन बसली. उरणची सुमती कोळीण मिरच्यांचं गाठोडं घेऊन पहिलीच हजर. आत्यानं खटका दाबला. मोटार घूं करून फिरली, मुसळं जागची हलली नायत.

"पट्टा कुठाय?"

"डोस घेऊन ये, मग सांगते."

"भवाने, माझ्याच डंकाला तू कुलूप लावतेस?"

"लावते. काय करशील?"

सुमती मध्ये पडली. "जा गो जने. मिरच्या काय मासळी हाय, उद्यापर्यंत नासायला?"

"आज जाते, उद्या पडून राहते. तोवर तू दुसऱ्या डंकावर जाशील."

"तिकडं तुझी जीभ कुठं मिळणार?"

 आत्या खाली बघून म्हणाली, "माझ्या जिभेला चव राहिली नाय, सुमते. मीठ लागत नाय, तिखट लागत नाय. मातीसारखं लागतं सगळं. डोस थांबवले तर परत येईल, म्हणून..."

तेव्हा मला कळलं, ती सीझनसाठी नाय, जिभेसाठी अडून बसली होती.

सुमतीनं गाठोडं कोपऱ्यात सरकवलं आणि त्यावरच बसली. "मेलेल्या बाईची जीभ काय मी बरणीत भरू? ऊठ. मी परवा येते. हे इथंच राहू दे."

आत्या उठली. उजव्या हातानं पदर डोक्यावर ओढला आणि मला म्हणाली, "बघत काय बसलीस? यष्टी चुकंल."

तिसऱ्या दिवशी सुमती आली. मी पट्टा चढवला. मिरचीच्या वासानं आत्याला भडभडून येतं, म्हणून अंथरुणातनं हट्टानं उठून आलेली ती रस्त्याच्या पलीकडं टपरीच्या बाकड्यावर, नाकाला पदर लावून. कुटून झाल्यावर सुमतीनं चिमूट माझ्यापुढं धरली. मी जिभेवर ठेवली. पलीकडनं आत्या माझ्या तोंडाकडं बघत होती.

"काय म्हणते जीभ?" ती ओरडली.

"धने कमी!"

"नक्की?"

"नक्की!"

"मग घाल की! मला काय विचारतेस?" आणि तिनं डोकं भिंतीला टेकून डोळे मिटले.

डोस अजून बाकी हायेत. पट्टा मी रोज संध्याकाळी काढून घरी नेते.